शाळेत इतिहास कशासाठी शिकवायचा? तासिका कमी करण्याच्या प्रस्तावाच्या निमित्ताने

पर्वतीपायथा

सदस्यहो, नमस्कार. माझी मुलगी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. मागच्या पालकसभेत शाळेने प्रस्ताव मांडला की सातवी आणि आठवीच्या इतिहासाच्या आठवड्यातल्या तीन तासिकांपैकी एक कमी करावी आणि ती संगणकाच्या प्रोग्रॅमिंगला द्यावी. सभेतल्या बहुतेक पालकांनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या सभेपर्यंत लेखी मते मागवली आहेत.

मला या प्रस्तावाला विरोध करायचा आहे, पण विरोधाचे कारण नेमक्या शब्दांत मांडायला बसलो, तेव्हा 'आपल्या संस्कृतीची ओळख', 'थोर पुरुषांची प्रेरणा' असे जे शब्द सुचले ते इतके वापरून झालेले आहेत की ते ऐकून कोणाचे मत बदलेल असे वाटत नाही. प्रेरणा देणाऱ्या गोष्टी घरी सांगता येतात, मालिकांमधून दिसतात, मोबाइलवरच्या चित्रफितींमधून हव्या तेवढ्या मिळतात. मग शाळेतल्या इतिहासाच्या तासाला मुलाला असे काय मिळते, जे इतरत्र मिळत नाही? माझे स्वतःचे मत असे आहे की दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला भूतकाळाविषयीचे कोणतेही विधान ऐकल्यावर 'हे कशावरून?' असे विचारता आले पाहिजे आणि उत्तर कुठे शोधायचे हेही माहीत असले पाहिजे. परंतु आज शाळांमध्ये तसे काही घडते का, हे शिकवणाऱ्यांकडून आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांकडून ऐकायला आवडेल.

सनावळी

हेतू चांगला असला, तरी आपल्या मांडणीत एक धोका दिसतो. 'हे कशावरून?' असे विचारण्याआधी 'हे केव्हा?' हे पक्के माहीत असावे लागते. हल्ली सनावळ्यांना नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे, पण सनांचा सांगाडा नसेल, तर मुलाच्या डोक्यात सगळा भूतकाळ एकाच दिवशी घडलेला असतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पानिपत आणि खडकी यांच्यामध्ये छप्पन्न वर्षे आहेत, हे ज्याला ठाऊक नाही तो सहज म्हणून जातो की पानिपतावर मराठे हरले आणि राज्य गेले. मधल्या काळात थोरले माधवराव होऊन गेले, महादजी शिंद्यांनी दिल्लीत पुन्हा जम बसवला, हे सगळे त्याच्या हिशेबातून गळून जाते. अंतर माहीत असले, तरच कारण शोधण्याची गरज भासते. म्हणून माझे मत असे की तासिका वाचवाव्यात आणि त्यांतून सनांचा क्रम पक्का करून घ्यावा.

खडूफळा

मी गेली अनेक वर्षे माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवते, म्हणून प्रत्यक्षातली स्थिती जरा सविस्तर लिहिते.

अनेक पालक आपापल्या वेळच्या पुस्तकाविषयी बोलत असतात, पण पुस्तके बदललेली आहेत. २०१८ पासूनच्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांपासून होते, पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे पाठ येतात. नववीच्या पुस्तकात १९६० नंतरचा भारत आहे. आठवीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर आहे. म्हणजे धागाकर्त्यांना जे हवे आहे, त्याची जागा पुस्तकाने करून ठेवलेली आहे.

अडचण परीक्षेत आहे. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची लेखी परीक्षा असते, तिच्यात 'पुढीलपैकी चुकीची जोडी ओळखा', 'संकल्पनाचित्र पूर्ण करा', 'टीपा लिहा', 'विधाने सकारण स्पष्ट करा' असे प्रश्न येतात. संकल्पनाचित्राचा हेतू मुलाने विचार करून चौकटी भराव्यात हा होता. प्रत्यक्षात ते चित्र गाइडमध्ये भरून मिळते आणि मुले चौकटीतले शब्द चौकटीच्या जागेसह पाठ करतात. भौतिक, लिखित आणि मौखिक अशी साधनांची नावे वर्गातला प्रत्येक मुलगा म्हणून दाखवतो, परंतु यांपैकी एकही साधन त्याने हातात घेतलेले नसते.

म्हणून मी आठवीच्या त्या पहिल्या पाठाला मुलांना घरातला एखादा जुना कागद आणायला सांगते. सातबाऱ्याचा उतारा येतो, लग्नपत्रिका येते, गिरणीतल्या नोकरीचे ओळखपत्र येते. एका मुलीने जुने रेशनकार्ड आणले होते. त्यावरची दोन नावे लाल शाईने खोडलेली होती, खाली वेगळ्या अक्षरात तीन नावे वाढवलेली होती आणि मागच्या बाजूला एका गावातून नाव कमी केल्याचा दाखला टाचलेला होता. वर्गाने त्या एका कागदावरून कोण लग्न होऊन गेले असेल, कोण वारले असेल, कोणाचा जन्म झाला असेल याचे अंदाज बांधले आणि ते तपासायला तिला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली की १९७२ च्या दुष्काळात आजोबा मराठवाड्यातले गाव सोडून पुण्याला आले होते आणि खोडलेल्या नावांपैकी एक नाव ज्या आत्याचे होते, ती लग्न होऊन गेलेली नव्हती, तर त्याच वर्षी वारली होती. अर्ध्या वर्गाचा अंदाज चुकला होता. दुष्काळ आणि रोजगार हमी योजना हे शब्द त्यानंतर त्या वर्गाला मला वेगळे शिकवावे लागले नाहीत. मात्र या एका पाठाला चार तासिका गेल्या आणि पुढचे दोन पाठ मला घाईने उरकावे लागले, हेही खरे आहे. तासिका कमी झाल्या, तर पहिली कात्री अशा कामाला लागेल.

संगणकवाला

माझे मत वेगळे आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो. प्रोग्रॅमिंगमध्ये मुलाला चूक केल्याबरोबर ती दिसते, कारण शोधावे लागते आणि दुरुस्त करावे लागते. धागाकर्त्यांना अपेक्षित असलेली चिकित्सक वृत्ती तिथेही घडते आणि पुढे त्यातून पोटापाण्याची सोयही होते. इतिहास वाचनाने घरी पुरा करता येतो. ज्या घरात संगणक नाही, त्या मुलाला मात्र शाळेखेरीज दुसरी जागा नाही. एका तासिकेने इतिहास बुडेल असे मला वाटत नाही.

अनुस्वार

संगणकवाला, ज्या घरात संगणक नाही त्याच घरात बहुधा इतिहासाच्या पुस्तकांचे कपाटही नसते. त्या मुलाला इतिहास घरी मिळतो तो मोबाइलवर पुढे ढकललेल्या मजकुरातून.

संगणकवाला

हा मुद्दा मान्य आहे. तासिका इतिहासाचीच का काढावी, हा प्रश्नही मी शाळेला विचारायला हवा होता.

मोडीवाचक

खडूफळा ताईंचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. 'हे केव्हा?' आणि 'हे कशावरून?' हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे दाखवणारे उत्तम उदाहरण आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असते, पण ते कधी उलगडून दाखवले जात नाही.

शिवजयंती तारखेनुसार आणि तिथीनुसार अशी दोनदा साजरी होते, हे पुण्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण महाराजांच्या जन्माचे सालच एके काळी वेगळे मानले जात होते, हे किती मुलांना सांगितले जाते? वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल उत्तरकालीन बखरींच्या आधारे रूढ होते. पुढे भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद मिळाली. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी रचलेल्या शिवभारतातही तीच तिथी आहे. एकमेकांपासून स्वतंत्र अशी दोन साधने एकाच दिवसाकडे बोट दाखवतात, आणि त्यांतले एक तर समकालीन आहे, तेव्हा कित्येक दशकांनी लिहिलेल्या बखरीपेक्षा त्यांचे वजन जास्त का धरायचे, हे सातवीच्या मुलाला पूर्णपणे कळते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अशा वादातून, अनेक अभ्यासकांच्या कष्टांतून ठरली आणि पुढे शासनाने स्वीकारली. मुलाला फक्त तारीख पाठ करायला लावली, तर तो एक गुण मिळवतो. हा प्रवास दोन तासिकांत समजावला, तर तारीख तर लक्षात राहतेच, शिवाय समकालीन आणि उत्तरकालीन साधनांतला फरकही त्याला कायमचा कळतो.

या बाबतीत पुण्यातल्या शाळांइतक्या भाग्यवान शाळा महाराष्ट्रात दुसरीकडे नसतील. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. विधान भवनाजवळच्या पुराभिलेखागारात, म्हणजे आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथे, मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली निघाले. शाळांच्या सहली मात्र कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आणि वॉटर पार्कमध्ये जातात. प्राणिसंग्रहालयाला माझा विरोध नाही, पण एकदा तरी मुलाला रुमाल सोडून आतले कागद पाहायला मिळावेत.

कसबेकर

वरचे सगळे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. मी जन्माने आणि मनाने कसबा पेठेतला आहे आणि मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आपण सगळे पुरावा, साधने, चिकित्सा यांविषयी बोलत आहात, पण नऊ वर्षांच्या मुलाला पुरावा नको असतो, त्याला गोष्ट हवी असते. चौथीच्या 'शिवछत्रपती' या पुस्तकाने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना भूतकाळाविषयी माया लावली. माझे वडील सातवीपर्यंत शिकले आणि आयुष्यभर बाइंडिंगच्या कारखान्यात राबले. त्यांना पुरावा कशाला म्हणतात हे ठाऊक नव्हते, पण ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात काय घडले, हे ते अंगावर शहारे येतील असे सांगत. आपण इथल्या मातीत जन्मलो याचा त्यांना अभिमान होता आणि तो अभिमान त्यांना शाळेने दिला होता. प्रत्येक गोष्टीवर शंका घ्यायला शिकवाल, तर मुलाने प्रेम कशावर करायचे? इतिहासाने समाज एकत्र बांधला पाहिजे, असे माझे मत आहे आणि शाळेचे ते पहिले काम आहे.

अनुस्वार

चौथीपुरते आपले म्हणणे मला पूर्ण पटते. परंतु चौथीत ऐकलेली गोष्ट दहावीपर्यंत त्याच इयत्तेत राहावी का, एवढेच विचारावेसे वाटते.

पेठेतली

थोडे विषयांतर होत आहे. आज आपण जो लाल महाल पाहतो, ती वास्तू पुणे महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारलेली आहे. मूळ वाडा केव्हाच नष्ट झाला. गेल्या वर्षी मुलांच्या सहलीबरोबर गेले होते, तेव्हा एका मुलाने भिंतीला हात लावून विचारले की महाराज याच भिंतीजवळून गेले असतील का, आणि बरोबरच्या शिक्षकांनी 'हो' म्हणून सांगितले. खरे सांगितले असते, तरी त्या मुलाची भावना उणावली नसती. उलट मूळ वाडा कुठे होता आणि त्याचे काय झाले, हा पुढचा प्रश्न त्याने नक्की विचारला असता.

मोडीवाचक

कसबेकर, आपल्या प्रश्नातली कळकळ मला मनापासून मान्य आहे, म्हणून त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो.

छत्रपती संभाजी महाराजांची प्रतिमा शंभराहून अधिक वर्षे कशी होती, ते आठवून पाहावे. मल्हार रामराव चिटणिसांनी आपली बखर संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली आणि तिच्यातले व्यसनी, बेजबाबदार संभाजीराजे पुढे नाटकांमधून आणि लोकांच्या बोलण्यातून पक्के झाले. ही प्रतिमा बदलली ती कोणाच्या भाषणाने नव्हे. वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्यातली अनेक दशके देशोदेशींची कागदपत्रे तपासण्यात घालवली आणि १९६० मध्ये त्यांचा चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा समकालीन कागदांवरून नऊ वर्षे मोगलांशी लढणारा एक कर्तबगार राजा लोकांसमोर उभा राहिला. आज ज्या संभाजी महाराजांवर तरुण मुले जीव टाकतात, ते आपल्याला चिकित्सेने परत मिळालेले आहेत. बखर वाचून बेंद्र्यांनी 'हे कशावरून?' असे विचारले नसते, तर आपण आजही एका मोठ्या माणसाविषयी चुकीचे बोलत राहिलो असतो. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्याविषयी खरे तेच बोलले जावे असे वाटणे हाही प्रेमाचाच भाग आहे.

कसबेकर

हे उदाहरण माझ्या मनाला भिडले. अभिमान आणि पुरावा यांचे वैर नाही, एवढे मी मान्य करतो. तरीही लहान वयात गोष्टच आधी सांगावी, या मतावर मी ठाम आहे.

घोडनदी

आतापर्यंतचा सगळा धागा गेल्या चारशे वर्षांतच फिरत आहे, याकडे लक्ष वेधतो. मी शिरूर तालुक्यातला आहे. आमच्याकडे घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरे, धान्याची कोठारे, बार्लीचे दाणे, पाणी वळवण्यासाठी केलेला पाट आणि बांध, घराच्या जमिनीखाली मडक्यांमध्ये पुरलेली लहान बाळे आणि चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला एक माणूस, असे सगळे सापडले. सुरुवातीची घरे मोठी आणि चौकोनी होती, शेवटच्या काळातली लहान आणि गोल झोपड्यांसारखी झाली. हवामान कोरडे होत गेल्यामुळे त्या लोकांना ओढगस्तीचे दिवस आले, असा अर्थ अभ्यासकांनी त्यावरून लावला.

आमच्या भागातल्या मुलांना मोहेंजोदडोचे स्नानगृह चित्रावरून ओळखता येते, पण आपल्याच तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वी कोणी पाण्यासाठी धडपडत होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्या मुलाच्या वडिलांची विहीर मार्चमध्ये आटते, त्याला चौकोनी घराची गोल झोपडी का झाली हे समजायला गाइड लागणार नाही. इतिहास राजांचा असतो आणि आपण फक्त तो ऐकणारे असतो, ही समजूत शेतकऱ्याच्या मुलाच्या मनातून काढून टाकणे हे मला या विषयाचे सर्वांत मोठे काम वाटते. या बाबतीत मला राग येतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

लीड्सकर

मी काही वर्षांपासून कुटुंबासह इंग्लंडमध्ये राहतो. आपण ज्याची मागणी करत आहात, तशी साधनांवर आधारित पद्धत इथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या एका शालेय प्रकल्पातून रुजली आणि तो प्रकल्प सुरू झाला तो लीड्समध्येच. माझ्या मुलाला परीक्षेत एक जुने व्यंगचित्र किंवा पत्राचा उतारा देतात आणि विचारतात की अमुक गोष्ट समजून घ्यायला हे साधन कितपत उपयोगी आहे. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, काय सांगायचे टाळले, हे तो सवयीने पाहतो. ही सवय मला मोलाची वाटते.

मात्र दुसरी बाजूही सांगतो. त्याला ट्यूडर राजांविषयी आणि नाझी जर्मनीविषयी बारकावे ठाऊक आहेत, पण मधली शतके त्याच्यासाठी रिकामी आहेत, आणि ज्या साम्राज्याने आपल्या पूर्वजांवर राज्य केले, त्याविषयी त्याच्या वर्गात फारच थोडे बोलले गेले. चौदाव्या वर्षानंतर हा विषय इथे ऐच्छिक होतो, त्यामुळे पुष्कळ मुले तो सोडूनही देतात. सनावळी यांनी मांडलेला सांगाड्याचा मुद्दा म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. कौशल्याच्या मागे लागून क्रम हरवू नये.

सनावळी

आभार. मीही मोडीवाचक यांच्या जन्मतिथीच्या उदाहरणानंतर असे म्हणेन की तारीख कशी ठरली हे शिकवले, तर तारीख विसरली जात नाही. माझ्या मूळ मुद्द्याला ते पूरकच आहे.

तिसरी घंटा

ज्या गोष्टीविषयी अजून कोणी लिहिले नाही, ती लिहिते. मी पुण्याच्या पूर्व भागातल्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या काही मुलांची घरे दरवर्षी १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला, म्हणजे १८१८ मध्ये पेशव्यांच्या फौजेशी इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या महार सैनिकांच्या आठवणीला, अभिवादन करायला जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे आले होते, हे त्या मुलांना पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी घरून कळलेले असते. त्याच वर्गात अशीही मुले आहेत, ज्यांच्या घरी पेशवाईचा अस्त ही हळहळीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. १८१८ हे साल दोघांच्याही वहीत एकच असते, पण त्या सालाचा अर्थ दोन घरांत दोन असतो.

बहुतेक शिक्षक या ठिकाणी पान उलटतात आणि मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. इतिहासावरून भावना दुखावल्याच्या निमित्ताने जानेवारी २००४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली, हे पुण्यातला कोणताही शिक्षक विसरलेला नाही. ज्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिची ही अवस्था होत असेल, तर चाळीस मुलांसमोर एकटे उभे राहणाऱ्या शिक्षकाने धैर्य कुठून आणायचे?

तरीही माझे म्हणणे असे आहे की शाळेची गरज इथेच सर्वांत जास्त आहे. घरी प्रत्येकाला आपलीच बाजू ऐकायला मिळते, आणि मोबाइलवरही ज्याला जे आवडते तेच पुन्हा पुन्हा दिसते. या दोन घरांतली मुले एका बाकावर बसून, एका शिक्षकासमोर, एकमेकांच्या घरातला इतिहास ऐकू शकतील अशी जागा इतिहासाच्या तासाखेरीज दुसरी नाही. मी एकदा दोन्ही बाजूंच्या मुलांना एकच काम दिले होते. पेशवाईच्या उत्तरार्धात अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला पुण्याच्या रस्त्यावर कसे जगावे लागत होते आणि त्याच काळातल्या एका ब्राह्मण कारकुनाचे जगणे कसे होते, या दोन्ही गोष्टींविषयी प्रत्येकाने लिहायचे होते. लिहून झाल्यावर वर्ग बराच वेळ वाद घालत होता, पण त्यात शिव्या नव्हत्या, प्रश्न होते. एका मुलाने विचारले की सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा याच शहरात, भिडे वाड्यात काढली, ती जागा त्यांना कोणी दिली असेल? तात्यासाहेब भिडे हे नाव सांगितल्यावर दोन्ही बाजूंची मुले विचारात पडली. भिडे वाड्याची जीर्ण वास्तू आता राहिलेली नाही, डिसेंबर २०२३ मध्ये ती स्मारकासाठी पाडण्यात आली. मुलांना ती पाहता आली असती, तर फार बरे झाले असते.

पेठेतली

तिसरी घंटा, हा प्रतिसाद मी माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

कसबेकर

मी वर म्हटले होते की इतिहासाने समाज बांधला पाहिजे. ताईंनी जे लिहिले आहे, त्यात मला तेच दिसते, फक्त त्यांचा मार्ग माझ्या मार्गापेक्षा अवघड आहे.

मुठाकाठ

मला एक व्यावहारिक सूचना करायची आहे. पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, ते पाणी खडकवासल्यात आले, खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. आणखी काही वर्षांनी प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारे फारसे कोणी उरणार नाही. मौखिक साधन हा शब्द पाठ करण्याऐवजी आठवीच्या मुलांनी या माणसांना आत्ताच भेटले पाहिजे.

माझ्या पुतणीने घरापुरते असे काम केले होते. एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींपैकी एकीने सांगितले की पाणी हळूहळू चढत गेले, म्हणून दागिन्यांचा डबा घेऊन निघता आले, तर दुसरीने सांगितले की पाणी एकदम आले आणि काहीच घेता आले नाही. पुतणीला वाटले की एक जण खोटे बोलत आहे. चौकशी करता कळले की एक त्या वेळी माडीवर होती आणि दुसरी तळमजल्यावर. साक्ष देणारा कुठे उभा होता, हे विचारायला ती त्या दिवशी शिकली. लिखित साधनांचीही इथे वाण नाही. त्या काळची वर्तमानपत्रे आहेत, बावडेकर आणि नाईक आयोगांचे काम आहे, आणि गोखलेनगर, सहकारनगर या भागांतल्या पूरग्रस्तांच्या वसाहती हे तर चालत जाऊन पाहता येणारे भौतिक साधन आहे. शहर आज जसे पसरले आहे ते तसे का, याचे एक उत्तर मुलांना त्यातून मिळेल.

पर्वतीपायथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हे सगळे वाचल्यावर शाळेला द्यायचे पत्र मी नव्याने लिहायला घेतले आहे. केवळ 'तासिका कमी करू नका' असे म्हटले, तर शाळा विचारेल की तिसऱ्या तासिकेत तुम्हाला वेगळे काय हवे आहे, आणि त्याचे उत्तर पत्रातच असले पाहिजे.

म्हणून मी असे सुचवणार आहे की दोन तासिका पुस्तकासाठी, सनांच्या क्रमासह, ठेवाव्यात आणि तिसरी तासिका साधनांच्या कामासाठी राखावी. सातवीने पहिल्या सत्रात महाराजांच्या जन्मतिथीचा वाद मुळापासून समजून घ्यावा आणि दुसऱ्या सत्रात पुराभिलेखागाराला किंवा मंडळाला भेट द्यावी. आठवीने पहिल्या सत्रात घरातल्या कागदांचे काम करावे आणि दुसऱ्या सत्रात पानशेतच्या आठवणी गोळा कराव्यात. तिसरी घंटा यांनी सांगितलेले काम मात्र मी पत्रात घालणार नाही, कारण ते शिक्षकाच्या इच्छेशिवाय आणि तयारीशिवाय लादले, तर बिघडेल. त्याविषयी मुख्याध्यापिकाबाईंशी समक्ष बोलेन. प्रोग्रॅमिंगला माझा विरोध नाही, त्यासाठी वेळ दुसरीकडून काढावा, असेही लिहीन. एक शंका उरते. या कामाला गुण नसतील, तर पालक त्याला वेळेचा अपव्यय म्हणतील. त्यावर काय उपाय आहे?

खडूफळा

उपाय आपल्या हातातच आहे. आठवीपर्यंत शिक्षण मंडळाची परीक्षा नसते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाचे गुण शिक्षकच देतात आणि त्यात प्रकल्प, उपक्रम, तोंडी काम या सगळ्यांना जागा आहे. घरातल्या कागदाचे किंवा पानशेतचे काम तिथे थेट बसते, त्यासाठी कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. पत्रात हे अवश्य लिहा, कारण पुष्कळ मुख्याध्यापकांनाही हे करता येते याची आठवण करून द्यावी लागते. गुण देताना मात्र सजावटीला देऊ नयेत, मुलाने किती जणांना विचारले आणि उत्तरे जुळली नाहीत तेव्हा काय केले, हे पाहावे.

संगणकवाला

पानशेतच्या आठवणी मुलांनी ध्वनिमुद्रित केल्या, तर त्या तारीख, पेठ आणि सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय यांनुसार शोधता येतील अशी सोपी नोंदवही संगणकावर तयार करून द्यायला मी तयार आहे. आठवीच्या मुलांकडूनच ती करून घेता येईल, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या तासालाही खरे काम मिळेल.

मोडीवाचक

पुराभिलेखागाराच्या भेटीसाठी शाळेच्या पत्रावर आधी परवानगी घ्यावी लागते आणि एका वेळी मोठा वर्ग नेऊ नये, वीस-पंचवीस मुलांचे गट करावेत. जाण्याआधी एक तास मुलांना मोडी अक्षरांची ओळख करून द्यायला मी शाळेत येईन. सभेची तारीख ठरली की कळवा.

कसबेकर

आमच्या आळीत पूर पाहिलेले तीन-चार ज्येष्ठ अजून ठणठणीत आहेत. मुलांना पाठवायचे असेल, तर दुपारी चारनंतर पाठवा, मी त्यांना सांगून ठेवतो.